कोल्हापूरचे खेळ आणि सण: भांडण न होणारे प्रश्न हवेत

पेठेतला_पंच

गणपतीत मंडळाची प्रश्नमंजुषा आहे. चार संघ, चाळीस प्रश्न, विषय कोल्हापूरचे खेळ आणि सणवार. अट एकच: प्रश्नाला एकच उत्तर असावं, आणि 'असं कसं?' म्हणून कुणी स्टेजसमोर आलं तर कारण तिथल्या तिथं देता यावं. आपल्याकडं उत्तरावर भांडण झालं की बक्षीस बाजूला राहतं आणि पेठा समोरासमोर येतात, हे सांगायला नको.

सुरुवातीला तीन टाकतो, तपासा.

१. पहिला महाराष्ट्र केसरी कोण? श्रीपती खंचनाळे.
२. देशाला पहिलं ऑलिंपिक पदक कुणी मिळवून दिलं? कोल्हापूरचे खाशाबा जाधव.
३. खासबाग मैदान कशाची नक्कल आहे? रोमच्या कलोसियमची.

तांबडी_माती

पंच, तिन्ही प्रश्नांत तुम्हीच चितपट झालाय. एकेक घेऊ.

खंचनाळे हे पहिले हिंद केसरी, साल १९५९. महाराष्ट्र केसरी सुरू झाली १९६१ ला आणि पहिली दिनकर दह्यारींनी मारली. हिंद केसरी आणि महाराष्ट्र केसरी यांची गल्लत इतकी होते की हाच प्रश्न ठेवा, फक्त उत्तर बदला. जोडीला १९६० चा हिंद केसरी विचारा: गणपतराव आंदळकर.

खाशाबांचं वाक्य नीट घासून घ्या. हॉकीची सुवर्णं १९२८ पासून आहेत. १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डची दोन रौप्यं भारताच्या नावावर लागलेली आहेत. म्हणून 'स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक' असंच म्हणायचं, त्यातला एकही शब्द गाळायचा नाही. १९५२, हेलसिंकी, बँटमवेट, फ्रीस्टाइल, कांस्य. आणि गाव कोल्हापूर नव्हे: कराडजवळचं गोळेश्वर, जिल्हा सातारा. ते शिकले आपल्या राजाराम कॉलेजात. 'कोल्हापूरचे' म्हटलं की एखादा कराडकर उठणारच, आणि त्याचं बरोबर असणार.

याच विषयावर चढत्या क्रमाचे तीन प्रश्न होतात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात त्यांचा नंबर कितवा? सहावा. त्यांच्यानंतरचं भारताचं वैयक्तिक पदक कुणाचं? लिएंडर पेस, १९९६, म्हणजे ४४ वर्षांनी. आणि १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात काय म्हणून पाळतात? राज्य क्रीडा दिन.

चौकट_राजा

खासबागबद्दल. शाहू महाराज १९०२ ला विलायतेला गेले, त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम बघितलं, मैदान १९१२ ला पूर्ण झालं, इथवर ठीक. 'नक्कल' शब्द मात्र काढा. कलोसियम लंबवर्तुळ आहे, अंदाजे १८९ मीटर लांब आणि १५६ मीटर रुंद. खासबाग गोल. कल्पना तिथली घेतली असं म्हणा. मधोमध कुस्तीच्या मातीचा हौद, सभोवती चढती बसायची जागा, त्यामुळं मागच्या माणसाच्या आड पुढच्याचा फेटा येत नाही. 'खासबागेत खांब का नाहीत?' असाही प्रश्न छान होईल. उत्तर एवढंच: वर छप्परच नाही, खांब कशाला लागतील. हसू येतं आणि वाद होत नाही.

दूधकट्टा

कुस्ती झाली असेल तर फुटबॉलकडं वळा की राव. तालमीच्या नावानं फुटबॉलचे संघ खेळतात असं दुसरं गाव दाखवा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम… बाहेरच्या पाहुण्याला वाटतं पोरं लंगोट लावून येणार, आणि येतात बूट घालून.

प्रश्न: २०१७ ला १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा पोरगा? अनिकेत जाधव. पेठांचा प्रश्न मात्र एकही ठेवू नका. 'सर्वांत जास्त वेळा लीग कुणी जिंकली' विचारलंत तर मांडव शिल्लक राहणार नाही.

पेठेतला_पंच

मान्य. फुटबॉल एका प्रश्नात उरकतो. तांबडी_माती, हौदाची माती कशी करतात हे विचारलं तर एकच उत्तर मिळेल का? 'कुस्तीच्या मातीत काय घालतात' असा विचार होता.

तांबडी_माती

'काय काय घालतात' असं विचारू नका. प्रत्येक तालमीचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येक वस्तादाला आपलंच बरोबर वाटतं. उलटं विचारा: यातली कुठली वस्तू मातीत घालत नाहीत? ताक, हळद, लिंबू, मीठ, तेल, कापूर, सिमेंट. लहान पोरांच्या फेरीला चालेल.

पण सूत्रसंचालकाला कारणं माहीत असावीत, म्हणून लिहितो. तांबडी माती आधी चाळून घ्यायची. एक खडा राहिला तरी गुडघा किंवा कोपर फुटतं. तेलानं धूळ बसते आणि माती मऊ राहते. ताकानं ओल आणि गारवा टिकतो. हळद, लिंबू, कापूर हे खरचटलेल्या अंगासाठी आणि वासासाठी. हे सगळं एकदा घातलं आणि झालं, असं नसतं. माती रोज खोऱ्यानं उकरून पालटावी लागते, नाहीतर पायाखाली दबून फरशीसारखी होते आणि पाठीवर पडलेल्याचा श्वास अडकतो.

ओल किती हवी याची कसोटी हातात आहे. मूठभर माती दाबायची. लाडू वळला पाहिजे आणि बोटानं ढोसल्यावर फुटला पाहिजे. वळतच नसेल तर कोरडी: डोळ्यात धूळ, अंगाला ओरखडे. फुटत नसेल तर चिखल: पाय रुततो, वरचं अंग फिरतं आणि गुडघा जातो. स्टेजवर एका ताटात तीन प्रकारची माती ठेवा आणि संघाला 'कुस्तीची कुठली' ते हातानं ओळखायला लावा. पडद्यावरच्या चित्रापेक्षा शंभर पटीनं रंगेल.

अजून एक. 'चितपट म्हणजे काय?' दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले पाहिजेत. मातीतल्या निकाली कुस्तीत हाच शेवट. गादीवर मात्र तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंद विश्रांती, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की खांदे न टेकताही कुस्ती संपते. मॅटला 'गादी' म्हणतात हेसुद्धा नव्या पोरांना विचारा, निम्मी चुकतील.

मावळतीचा_कवडसा

अंबाबाईच्या किरणोत्सवाचा प्रश्न राहिला, म्हणजे मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यातल्या मूर्तीवर पडतात तो सोहळा. सगळे विचारतात 'तारखा कोणत्या?' ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. ९, १०, ११ नोव्हेंबर. पाठ असतं सगळ्यांना. खरी मजा पुढच्या प्रश्नात आहे: बाकी बहुतेक सण तिथीनं येतात, हा इंग्रजी तारखेनं का येतो?

तिथी चंद्रावर चालते, किरणोत्सव सूर्यावर, आणि इंग्रजी कॅलेंडरही सूर्यावर. म्हणून तारखा हलत नाहीत.

दुसरा प्रश्न: वर्षातून दोनदाच का, आणि दोन्हींत सहा महिन्यांचं अंतर का नाही? ('दर सहा महिन्यांनी' असं छापलेलं सर्रास दिसतं. चूक आहे. ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी यांत ८१ दिवस आहेत.) कारण असं: सूर्य मावळायची जागा क्षितिजावर दक्षिणेकडं सरकत जाते, २१-२२ डिसेंबरला टोक गाठते आणि परत उत्तरेकडं फिरते. वाटेतल्या कुठल्याही एका जागेवरून तो जाताना एकदा आणि येताना एकदा जातो. आता मोजा. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, २१ डिसेंबर ते ३१ जानेवारी ४१ दिवस. जाण्याचा आणि येण्याचा हिशेब जुळला. त्या दिवसांत कोल्हापुरात सूर्य नेमक्या पश्चिमेच्या साधारण १८ अंश दक्षिणेला मावळतो.

आणि हे दोन-तीन दिवसांत का उरकतं? या काळात मावळतीची जागा रोज अंदाजे ०.३ अंश सरकते. सूर्याचं बिंबच अर्ध्या अंशाचं. म्हणजे रोज अर्ध्या बिंबाहून थोडं जास्त सरकणं. महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंत इतकी लांब आणि अरुंद वाट आहे की एवढ्यानंही उजेड बाजूच्या भिंतीवर जातो.

चौकट_राजा

@मावळतीचा_कवडसा, पायांपासून चेहऱ्यापर्यंत किरणं वर चढतात आणि सूर्य तर खाली जातो. हे उलटं कसं, असं कुणी विचारलं तर?

मावळतीचा_कवडसा

विचारणारच, आणि प्रश्न म्हणूनही उत्तम आहे. सूर्य वर असताना किरण दारातून तिरपं खाली येतं, म्हणून आधी जमिनीवर पडतं. सूर्य जसा खाली जातो तसं किरण आडवं होत जातं, आत लांबवर पोचतं आणि समोरच्या मूर्तीवर वर सरकतं. घरात करून बघा: बॅटरी वरून खाली रोखून दाराच्या फटीतून मारा, मग बॅटरी हळूहळू खाली आणा. समोरच्या भिंतीवरचा कवडसा वर जाईल.

अडतं कुठं? पश्चिमेचे ढग, क्षितिजाजवळचं धुरकट, आणि वाटेत आलेलं बांधकाम. शेवटच्या काही मिनिटांत सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो, तेव्हा एखादी पाण्याची टाकीसुद्धा पुरते.

अनवट

सणांत सगळ्यात जास्त गोंधळ त्र्यंबोलीचा. दोन वेगवेगळ्या यात्रा आहेत आणि लोक एकच समजतात.

एक आषाढातली. पंचगंगेचं नवं पाणी कलशातून वाजतगाजत टेंबलाईवर, म्हणजे त्र्यंबोलीच्या टेकडीवर न्यायचं. मंगळवार-शुक्रवारी गल्लोगल्ली पी-ढबाक सुरू असतं. (पी म्हणजे सनईचा आवाज, ढबाक म्हणजे ढोलाचा. वाद्यांच्या आवाजावरून अख्ख्या प्रकाराचं नाव पडलं, हा छोटा प्रश्न झकास.)

दुसरी अश्विनातली, ललिता पंचमीला, म्हणजे नवरात्राच्या पाचव्या दिवशी. तेव्हा अंबाबाईची पालखी टेकडीवर जाते आणि कुमारिकेच्या हातून त्रिशुळानं कोहळा फोडतात. तुकडा मिळवायला जी झुंबड उडते ती याच दिवशी. कथा अशी की युद्ध जिंकल्यावर त्र्यंबोलीला बोलवायचं राहून गेलं, ती रुसून गावाबाहेर टेकडीवर जाऊन बसली, आणि तिची समजूत काढायला अंबाबाई स्वतः गेली.

'भोपळा फोडतात' असं उत्तर आलं तर चूक द्या. कोहळा वेगळा: फिकट हिरवा, अंगावर पांढरी भुकटी, आतला गर पांढरा. भोपळ्याचा गर पिवळा-नारिंगी. हळहळत गुण कापा पण कापा.

हिरवा_चाफा

वनस्पतींचाच विषय निघालाय तर दसरा घ्या. दसरा चौकात शमीपूजन झालं की सोनं लुटतात. लोक घरी नेतात ते मात्र बऱ्याचदा आपट्याचं नसतंच, कांचनाचं असतं. दोन्ही पानं जोडपानासारखी दुभंगलेली, म्हणून फसगत.

स्टेजवर दोन्ही ठेवा. फरक असा:

आपट्याचं पान छोटं, दोन ते पाच सेंटिमीटर, लांबीपेक्षा रुंदी जास्त, चामड्यासारखं जाड, खालून करडट लव. मुठीत चुरगाळलं की करकरतं. कांचनाचं पान तळहाताएवढं, पातळ आणि गुळगुळीत. फुलं बघायला मिळाली तर प्रश्नच मिटला: कांचनाला मोठी गुलाबी-जांभळी फुलं येतात, आपट्याला बारीक पिवळट-पांढरी. बाजारात ढीग लावलेला असतो तेव्हा पान उलटं करून बोट फिरवा. लव लागली तर आपटा.

सोनं लुटण्यामागच्या कथेतला एक प्रश्न: कौत्सानं गुरुदक्षिणा म्हणून वरतंतूंना किती मोहरा द्यायच्या होत्या? १४ कोटी. 'एक विद्या, एक कोटी' असा हिशेब, विद्या चौदा.

दूधकट्टा

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात ते विसरलात! शिंगं रंगवून, मोरपिसं-कवड्या घालून म्हैस मालकाच्या मोटारसायकलमागं धावते. दोरी नाही, काही नाही. प्रश्न: सायलेन्सर का काढतात? आवाजासाठी. म्हैस गाडी बघून येत नाही, ओळखीचा आवाज ऐकून येते. एवढ्या गर्दीत दुसऱ्याची गाडी सोडून आपल्या मालकाच्याच मागं जाते. काटा किर्रर्र!

अनवट

बेंदूरही घ्या. बैलांचा सण एकच, तारखा तीन. सीमाभागात कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला, आपल्याकडचा बेंदूर आषाढात, आणि विदर्भ-मराठवाड्यात पोळा श्रावण अमावास्येला. पाऊस कुठं आधी, पेरणी कुठं आधी, त्याप्रमाणं बैल मोकळे होतात.

बैलगाडी शर्यतीचा प्रश्न टाळा. 'बंदी कधी उठली?' याला दोन उत्तरं निघतात. डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा वैध ठरवला. विचारायचंच तर 'घटनापीठाचा निकाल कधीचा' असं विचारा.

रंगपंचमी एका ओळीत: बाहेरून आलेला पाहुणा धुळवडीला पिचकारी घेऊन निघतो आणि रस्ता कोरडा बघून परततो. कोल्हापुरात रंग फाल्गुन वद्य पंचमीला.

तांबडी_माती

नेमबाजीचा एक संच द्या, वेगळेपणा येईल. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे: तिघांची हत्यारं विचारा. तेजस्विनी रायफल (२०१०, म्युनिक, ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून नेम धरण्यात, विश्वविजेती). राही पिस्तूल (२०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरचं सुवर्ण). स्वप्नील रायफल, ५० मीटर थ्री पोझिशन, पॅरिस २०२४, कांस्य, गाव राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी. अंतिम फेरीतले गुण ४५१.४.

थ्री पोझिशनचा क्रम विचारलात तर बहुतेक जण 'झोपून' आधी सांगतात. बरोबर क्रम: गुडघ्यावर, मग झोपून, मग उभं. उभं राहून सगळ्यात अवघड, आणि अंतिम फेरीत नेमबाज बाद व्हायला लागतात तेही उभं असतानाच. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ केवढं? १०.४ मिलिमीटर. शर्टाचं बटण हातात धरून दाखवा.

हिरवा_चाफा

मर्दानी खेळांतला एक: दांडपट्ट्याचा वार मनगटातून का करत नाहीत? मुठीऐवजी कोपरापर्यंत लोखंडी खोबळा असतो, त्यात मनगट वळतच नाही. हात आणि पातं एकच होतं, वार खांद्यातून फिरतो. पातं लवचिक असल्यानं अडलं तर माघारी येतं, म्हणून शिकाऊला आधी काठी देतात. २०२४ ला दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला.

चौकट_राजा

मानाचे प्रश्न जपून. 'मानाचा पहिला गणपती' एवढंच विचारलं तर निम्मे कसबा गणपती म्हणतील, तो पुण्याचा. 'कोल्हापूरच्या विसर्जन मिरवणुकीतला' असं जोडा: तुकाराम माळी तालीम. तसंच जोतिबाच्या चैत्र यात्रेत पहिल्या मानाची सासनकाठी कुठल्या गावची? निनाम पाडळी, जिल्हा सातारा. इथं 'कुठल्या जिल्ह्यातली' हा पुढचा प्रश्न. यात्रा आपल्या डोंगरावर आणि मान साताऱ्याला, म्हणून चुकतात.

काठीबद्दल जाता जाता: उंच वेळू, त्याला कापडाचं वेष्टण, चारी बाजूंनी दोर. दोर ओढायचे नसतात, नुसते ताणात धरायचे. एकानं जोर लावला की काठी तिकडं झुकते, समोरच्याला तेवढाच जोर लावावा लागतो आणि मधल्या माणसाची कंबर दुखते. वर वारा भरला की कापड शिडासारखं काम करतं, ते वेगळंच.

आता मांडणी. 'सर्वांत मोठा', 'सर्वांत जुना', 'पहिला' हे शब्द प्रश्नात दिसले की थांबा आणि कशातला, कुठला, कधीपासून, हे जोडा. वीस सेकंद पुरतात. बझर एकच ठेवू नका, चार निराळ्या आवाजांचे ठेवा, नाहीतर आधी कुणी दाबला यावरच रात्र जाईल. प्रत्येक उत्तरामागं एका वाक्याचं कारण कार्डाच्या पाठीवर लिहा. बरोबरी झाली तर आकड्याचा अंदाज विचारा आणि चौघांकडून पाटीवर एकाच वेळी लिहून घ्या.

पेठेतला_पंच

धन्यवाद मंडळी, चाळीस झाले. मातीचं ताट, आपटा-कांचन आणि बटण हे तीन स्टेजवर प्रत्यक्ष. खासबागच्या प्रश्नातून 'नक्कल' गेली, खाशाबांचं वाक्य जसंच्या तसं घेतलं. बरोबरीसाठी कवडसा यांचाच आकडा ठेवतो: '११ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी किती दिवस?' उत्तर ८१.

मावळतीचा_कवडसा

दोन्ही टोकं धरली तर ८२. दोन्ही सोडली तर ८०.

पेठेतला_पंच

कापला. त्याजागी ४५१.४.